गळ्यावरचा वस्तरा : आंबवड्यातली समाधी आणि 1890चा नकार

आजचा भाग दाढीवर आहे. हसू नका. दाढीपासून सुरू करून आपण प्रतापगडावर जाणार आहोत, तिथून मुंबईत, आणि मग परत भोर तालुक्यातल्या आंबवड्यात.

झालं असं, की मी ऑनलाइन एक वस्तरा मागवला. पूर्वी असायचा तो खरा वस्तरा, मुठीत दुमडून बसणारा. दोन-चार व्हिडिओ पाहिले आणि म्हटलं, यात काय अवघड आहे? दिवसभर कोड लिहिणाऱ्या माणसाला असा गैरसमज फार लवकर होतो. पहिल्या पाच मिनिटांत हनुवटीवर दोन काप आणि कानाखाली एक. अर्धी दाढी तशीच ठेवून भोरमधल्या ओळखीच्या काकांकडे गेलो. त्यांचं सलून आहे, वय सत्तरीच्या आसपास. माझं तोंड बघून म्हणाले, "काय रे, बिनपाण्यानं केलीस का?"

'बिनपाण्यानं हजामत' आपण एखाद्याची खरडपट्टी काढली की म्हणतो. पण तो आधी धंद्यातला नियम आहे, हे मला त्या दिवशी कळलं. दाढीचा केस कोरडा असताना चांगलाच चिवट असतो. दोन-तीन मिनिटं कोमट पाणी मुरलं की तो फुगतो, मऊ होतो आणि पात्याला वाट देतो. मी पाणी नुसतं शिंपडलं होतं.

मग शिकवणी सुरू झाली. वस्तरा मुठीत आवळायचा नाही. अंगठा खाली, तीन बोटं वर आणि करंगळी मागच्या शेपटीवर. पातं कातडीला साधारण तीस अंशात. जास्त उभं धरलं तर कापतं, अगदी आडवं ठेवलं तर केस ओढतं. दुसऱ्या हाताने कातडी ताणायची, आणि खरं काम हाच हात करतो. पहिला हात केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने. आधी गाल, मग गळा, हनुवटी आणि ओठ शेवटी. दाढी करण्याआधी पातं चामड्याच्या पट्ट्यावर वीस-तीस वेळा फिरवायचं, तेही पाठ पुढे आणि धार मागे ठेवून. उलटं फिरवलं तर पट्टाही कापतो आणि धारही जाते. शेवटी तुरटी.

काका स्वतः कसे शिकले, तेही विचारलं. आधी फेस लावलेला फुगा. तो फुटला नाही की मग स्वतःची पोटरी. मग धाकट्या भावाचं डोकं. गिऱ्हाईक सगळ्यात शेवटी.

मग त्यांनी एक भलतीच गोष्ट केली. स्वतः खुर्चीत बसले, मान मागे टाकली आणि म्हणाले, "आता माझी कर."

त्यांच्या वस्तऱ्यात नवं ब्लेड घातलं. गालापर्यंत ठीक चाललं. गळ्यावर आलो आणि हात थांबला. कातडीखाली नाडी उडताना दिसत होती. काकांनी डोळे मिटले होते. म्हणाले, "तू दर महिन्याला असाच बसतोस माझ्यापुढं. कधी भीती वाटली?"

नव्हती वाटली. आणि कधी वाटली नाही, याचंच मला आता नवल वाटत होतं.

इथून इतिहास सुरू होतो.

स्वतःची दाढी स्वतः करणं ही तशी अलीकडची सवय आहे. 1769 साली पॅरिसमध्ये ज्याँ-जाक पेरे नावाच्या कारागिराने यावर अख्खं पुस्तक लिहिलं. तो चाकू-सुऱ्या आणि वस्तरे बनवायचा. पुस्तकाचा विषय एकच, आपली दाढी आपण करायला कसं शिकावं. म्हणजे व्हिडिओ बघून शिकणारा मी काही पहिला नव्हे. पुढे अमेरिकेत किंग कॅम्प जिलेटने 1903 मध्ये बदलत्या पात्याचा रेझर विकायला काढला. पहिल्या वर्षी विकले गेले फक्त 51. मग पहिलं महायुद्ध आलं. अमेरिकेने आपल्या सैनिकांसाठी लाखोंनी रेझर घेतले, आणि युद्धावरून परतलेले पुरुष घरीच दाढी करू लागले.

आपल्याकडे मात्र गावगाड्यात हे काम बलुतेदाराचं होतं. न्हावी वर्षभर गावाची हजामत करायचा आणि सुगीला धान्य घ्यायचा. बाळाचं जावळ, नवरदेवाची दाढी, दहाव्याचं मुंडण, सगळं त्याच्याच हातून. जन्मापासून मरणापर्यंत गावाचं डोकं ज्याच्या हातात, त्याला पंगतीत मात्र शेवटची जागा. 'हजामत' हा शब्दही आपण चेष्टेला वापरतो. सगळ्या गावाने गळा ज्याच्या स्वाधीन केला, त्याला मान द्यायला मात्र गाव विसरलं.

आता आंबवड्यात चला. भोरहून रायरेश्वराकडे जाताना हे गाव लागतं. लोक नागेश्वराचं मंदिर आणि संस्थानकाळातला झुलता पूल बघतात, सेल्फी काढतात आणि निघतात. मीही आधी दोनदा तेच केलं होतं. पण या गावात समाध्या आहेत. एक शंकराजी नारायण सचिवांची, ज्यांच्या घराण्याने पुढे भोरचं राज्य केलं. एक कान्होजी जेध्यांची, रोहिड खोऱ्याच्या देशमुखांची. आणि एक जिवा महाला यांची. ते नाभिक समाजातले.

10 नोव्हेंबर 1659, प्रतापगडाचा पायथा. अफझलखान पडल्यावर सय्यद बंडाने शिवाजी महाराजांवर वार उगारला आणि जिवा महालांनी तो हातच तोडला. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' हे आपण शाळेपासून ऐकत आलो. पुढच्याच वर्षी, 1660 मध्ये, पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निसटले, तेव्हा त्यांचं सोंग घेऊन पालखीत बसले शिवा काशीद. तेही नाभिकच. त्या सोंगाची किंमत त्यांनी जीव देऊन चुकवली.

वस्तरा चालवणारा हात पट्टाही चालवतो, असली सोपी गोष्ट मला सांगायची नाही. जिवा महाला योद्धे होते, ती विद्या वेगळी. मला दिसतं ते एवढंच : जीव कुणावर सोपवायचा हे ठरवताना महाराजांनी जात बघितली नाही. सचिव, देशमुख आणि नाभिक, तिघांच्या समाध्या एकाच छोट्या गावात आहेत.

आता शेवटचा मुक्काम, मुंबई, 1890.

त्या काळी ब्राह्मण आणि इतर काही उच्च जातींत नवरा वारला की बाईचं डोकं भादरायचे. केशवपन. आणि एकदाच नव्हे, केस वाढले की पुन्हा, आयुष्यभर. कितीतरी मुली तर दहा-बारा वर्षांच्या असायच्या. रूढी घरच्यांची, पण वस्तरा कुणाच्या हातात? न्हाव्याच्या. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचारांतून तयार झालेले कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतल्या न्हाव्यांची सभा भरवली. तिथे जमलेल्यांनी ठरवलं, की विधवांच्या डोक्यावर आम्ही वस्तरा चालवणार नाही.

याच लोखंड्यांमुळे त्याच वर्षी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. आपण रविवारी उशिरा उठून आरशासमोर उभे राहतो, त्यात त्यांचाही वाटा आहे.

या नकाराची किंमत बघा. जे काम नाकारलं त्याचे पैसे मिळायचे. नाकारणारे गरीब होते, आणि ज्यांच्यासाठी नाकारलं त्या बायका त्यांना 'खालचे' मानणाऱ्या घरांतल्या होत्या. सुधारकांनी लेख लिहिले, भाषणं केली, ते मोठंच काम. पण या माणसांनी हातातलं हत्यार खाली ठेवलं.

पुढे खरा वस्तराही मागे पडला. एड्सची माहिती पसरली तशी सलूनमध्ये दर गिऱ्हाइकाला नवं अर्धं ब्लेड लावायची पद्धत आली. पट्ट्यावर धार लावणारे हात आता थोडेच उरलेत.

काकांची दाढी मी पुरी केली. एक बारीक खरचटलं, तुरटीने भागलं. पैसे द्यायला गेलो तर म्हणाले, "काम तू केलंस, पैसे मी द्यायला पाहिजेत." मी म्हटलं, शिकवणीचे घ्या. मग घेतले.

पुढच्या वेळी सलूनमध्ये मान मागे टाकाल तेव्हा कानातले इअरफोन काढा आणि शिकताना त्यांनी किती फुगे फोडले, ते विचारा. आणि आंबवड्याला गेलात तर पुलावर फोटो जरूर काढा, पण जिवा महालांच्या समाधीपर्यंत चालत जा.

भेटू पुढच्या भागात.