शेरी पिपातील सिंगल माल्ट व्हिस्की

शेरी या स्पॅनिश मद्याने मुरलेल्या ओक लाकडाच्या पिपात पूर्णतः अथवा अंशतः परिपक्व केलेल्या सिंगल माल्ट व्हिस्कीला शेरी पिपातील सिंगल माल्ट असे म्हणतात. सिंगल माल्ट म्हणजे एकाच आसवनीत, केवळ मोड आणून वाळवलेल्या सातूपासून (बार्लीपासून) गाळलेली व्हिस्की. स्कॉटलंडमधील नियमांनुसार ती 700 लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिपात किमान 3 वर्षे मुरावी लागते आणि बाटलीत भरताना तिच्यात किमान 40 टक्के मद्यार्क असावा लागतो. गडद रंग, सुक्या मेव्याचा गंध आणि चढी किंमत ही या प्रकाराची परिचित लक्षणे आहेत. यांपैकी रंग हे सर्वांत कमी विश्वासार्ह लक्षण होय.

पिपांचा इतिहास

शेरी हे स्पेनच्या अंदालुसिया प्रांतातील हेरेस परिसरातील द्राक्षमद्य आहे. एके काळी ते ब्रिटनला पिपांतूनच रवाना होई. शेरी काढून घेतल्यावर उरणारी रिकामी पिपे स्वस्तात मिळत आणि स्कॉटिश आसवन्या ती व्हिस्की मुरवण्यासाठी घेत. म्हणजे आज जिची ख्याती गायिली जाते ती पद्धत मुळात काटकसरीतून जन्मली. 1980 च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करण्याचे धोरण आले आणि वाहतुकीच्या पिपांचा हा पुरवठा आटला.

त्यामुळे आजचे 'शेरी पीप' बहुधा मुद्दाम तयार केलेले असते. नव्या ओकच्या पिपात शेरी, बहुतेक वेळा ओलोरोसो जातीची, साधारणतः एक ते दोन वर्षे भरून ठेवतात आणि मग पीप रिकामे करून आसवनीकडे धाडतात. या कामी वापरलेली शेरी सहसा पिण्यासाठी विकली जात नाही. तिचे व्हिनेगर करतात किंवा ती पुन्हा गाळतात. पूर्वी शेरी हा माल आणि पीप हे भांडे होते. आता पीप हाच माल झाला आहे. अशा पिपाला बर्बन व्हिस्कीच्या जुन्या पिपाच्या कित्येक पट किंमत पडते आणि ती अखेर ग्राहकाच्या माथी येते. हेरेस येथील शेरीची नियामक परिषद अशा पिपांना प्रमाणपत्रही देते. शेरी स्वतः ज्या जुन्या पिपांच्या उतरंडीत मुरते, ती 'सोलेरा' पिपे सहसा विकली जात नाहीत. त्यांचे लाकूड इतके जुने असते की त्यातून व्हिस्कीला लाकडाची चव फारशी मिळतही नाही.

लाकडाची जातही महत्त्वाची असते. युरोपीय ओकमधून टॅनिन, लवंग-दालचिनीचा मसालेदारपणा आणि गडद रंग अधिक उतरतो, तर अमेरिकी ओकमधून व्हॅनिला व नारळासारखा गोडवा. दोन्ही प्रकारच्या लाकडाची शेरी पिपे वापरात आहेत. त्यामुळे 'शेरी पीप' या दोन शब्दांवरून चवीविषयी नेमके काहीच ठरत नाही. शिवाय पीप प्रथमच वापरले जात आहे की तिसऱ्यांदा, यानेही मोठा फरक पडतो.

आस्वाद

तोंडाशी निमुळता होत जाणारा लहान पेला, साध्या तापमानाची व्हिस्की आणि बाजूला थोडे पाणी एवढी तयारी पुरते. पेला नाकाशी नेताना तोंड किंचित उघडे ठेवल्यास मद्यार्काचा झणझणीतपणा कमी जाणवतो. पहिला वास घेऊन पेला दहा-पंधरा मिनिटे तसाच ठेवावा. दाट शेरी व्हिस्की या अवधीत बरीच उलगडते.

इंग्रजी वर्णनांत 'ख्रिसमस केक' हा शब्द वारंवार येतो. गोव्याबाहेरील बहुतेक मराठी वाचकांना त्यातून फारसा बोध होत नाही. मराठी स्वयंपाकघरातील शब्द येथे अधिक उपयोगी पडतात: ओलोरोसो पिपातून काळ्या मनुका, अक्रोड, संत्र्याची वाळलेली साल, जायफळ, पेद्रो हिमेनेथ या अतिगोड शेरीच्या पिपातून खजूर, सुके अंजीर, काकवी. घोट जिभेवर काही क्षण घोळवावा. प्रथम गोडवा, मग मसाला आणि शेवटी लाकडाचा किंचित तुरटपणा असा क्रम चांगल्या व्हिस्कीत जाणवतो. त्यानंतर पाण्याचे काही थेंब घालून पुन्हा चाखावे. पाण्याने काही गंध खुलतात, तर काही विरतात.

ज्या सातूपासून व्हिस्की झाली तिची, म्हणजे धान्याची चव शेरीखाली अजून ओळखू येते का, ही कसोटीची बाब आहे. ती पूर्णतः झाकली गेली असेल तर ते शेरीचे यश असले तरी आसवनीचे नव्हे.

विझलेल्या काडेपेटीच्या काडीचा, रबराचा किंवा उकडलेल्या कोबीचा वास आल्यास तो गंधकाचा अंश असू शकतो. पिपे निर्जंतुक राखण्यासाठी त्यांत गंधक जाळण्याची जुनी रीत त्यास बऱ्याचदा कारणीभूत ठरते. काहींना त्याची अल्प मात्रा आवडते, काहींना मुळीच सहन होत नाही. दुसरा दोष अतिलाकडाचा: फार वर्षे ठेवलेल्या व्हिस्कीत कोऱ्या, अति उकळलेल्या चहासारखा कडवट तुरटपणा येतो.

मूल्यमापन

वेष्टनावरील वय हे बाटलीतील सर्वांत तरुण व्हिस्कीचे असते. अधिक वय म्हणजे अधिक खर्च हे खरे. अधिक चव असे मात्र नाही. स्कॉटलंडमध्ये पिपातील द्रवापैकी दरवर्षी सुमारे 2 टक्के उडून जातो, यामुळेही जुनी व्हिस्की महागते. रंगासाठी साखर जाळून केलेला कॅरमेल घालण्यास नियमांची मुभा आहे, म्हणून गडद बाटली पाहून शेरीचा अंदाज बांधू नये. 'फिनिश' या शब्दाचा अर्थ व्हिस्की मुख्यतः अन्य पिपात मुरली आणि अखेरचा काही काळच शेरी पिपात राहिली, असा होतो. ती वाईट असतेच असे नाही, परंतु तिला पूर्णकाळ शेरी पिपात राहिलेल्या व्हिस्कीचा भाव देणे अवाजवी होय.

मद्यार्काचे प्रमाण हा किंमत तोलण्याचा दुर्लक्षित मार्ग आहे. ग्लेनफार्कलस 105 ही व्हिस्की 60 टक्के मद्यार्काची असते. तिच्या 700 मिलिलिटरमध्ये पाणी मिसळल्यास 40 टक्क्यांची सुमारे 1050 मिलिलिटर व्हिस्की होते. म्हणजे ती 40 टक्क्यांच्या बाटलीपेक्षा दीडपट महाग असली, तरी मद्याच्या हिशेबाने महाग ठरत नाही.

लिलावांतील किमती हा निराळाच प्रांत आहे. 1926 मध्ये गाळलेली आणि 60 वर्षे शेरी पिपात राहिलेली मॅकॅलन 1986 मध्ये अवघ्या 40 बाटल्यांत भरली गेली. तिच्यातील एक बाटली नोव्हेंबर 2023 मध्ये लंडनला सुमारे 21.9 लाख पौंडांना विकली गेली. ही किंमत दुर्मिळतेची आहे. अशा बाटल्या सहसा उघडल्याही जात नाहीत.

भारतातील स्थिती

गोव्यातील कुंकळ्ळी येथील पॉल जॉन आणि बंगळूरची अमृत या आसवन्यांनी शेरी पिपांतील सिंगल माल्ट बाजारात आणले आहेत. उष्ण हवेत लाकूड व मद्य यांची देवाणघेवाण वेगाने होते आणि बाष्पीभवनही स्कॉटलंडच्या कित्येक पट असते. त्यामुळे येथील पाच-सहा वर्षांच्या व्हिस्कीला तेथील वयाच्या फूटपट्टीने मोजता येत नाही. आयात स्कॉचवर भारतात 150 टक्के सीमाशुल्क आकारले जात आले आहे. 24 जुलै 2025 रोजी स्वाक्षरी झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात ते प्रथम 75 टक्क्यांवर आणि दहाव्या वर्षापर्यंत 40 टक्क्यांवर आणण्याची तरतूद आहे. राज्यांचे उत्पादनशुल्क त्याहून वेगळे असल्याने एकाच बाटलीची किंमत गोव्यात एक आणि महाराष्ट्रात दुसरीच असते.