नव्या यंत्रावर जुना संसार

करळ फाट्यावरून ये-जा करणाऱ्या कंटेनरच्या आठही कोपऱ्यांना ठरावीक मापाची भोकं असतात. ही मापं 1960च्या दशकात ठरली. म्हणूनच न्हावा-शेवा बंदर 1989 साली सुरू झालं तेव्हाच्या मापाचा डबा आजची नवी क्रेनही बिनतक्रार उचलते. संगणकाच्या दुनियेतही असा करार त्याच दशकात झाला.

त्याआधी नवं यंत्र घेतलं की बरेचदा प्रोग्रॅम पुन्हा लिहावे लागत. 7 एप्रिल 1964 रोजी आयबीएमने सिस्टम/360ची घोषणा केली. यंत्रं लहान-मोठी, आज्ञासंच मात्र एकच. काही मॉडेलांत तर आयबीएमच्याच जुन्या 1401 संगणकाची नक्कल करण्याचीही सोय होती. गिऱ्हाइकाचं जुनं काम बुडालं तर ते नवं यंत्र घेईल कशाला, असा तो रोकडा हिशेब.

इंटेलनेही तोच कित्ता गिरवला. 1978च्या 8086 प्रोसेसरचे प्रोग्रॅम 1985च्या 80386वर चालले. 2001च्या इटॅनियमने मात्र वेगळी वाट धरली. त्यावर जुने प्रोग्रॅम रखडत चालत. एप्रिल 2003मध्ये एएमडीचा ऑप्टेरॉन आला. तो 64 बिटचा, पण 32 बिटचे प्रोग्रॅमही पूर्ण वेगाने चालवायचा. वर्षभरात इंटेललाही त्याच वाटेने जावं लागलं.

त्यामुळे 32 बिटची ऑपरेटिंग सिस्टीम 64 बिटच्या मशीनवर टाकून पाहता येते. प्रोसेसर सहसा कुरकुरत नाही. घोडं अडतं ते आजूबाजूच्या भागांपाशी. विंडोज 7मध्ये यूएसबी 3चा ड्रायव्हर नाही, म्हणून 2015नंतरच्या अनेक मदरबोर्डांवर इन्स्टॉलेशनचा पहिला स्क्रीन येतो आणि माऊस-कीबोर्ड ढिम्म! कुठे एनव्हीएमई डिस्क दिसत नाही, कुठे संगणक सुरू करणारा नवा यूईएफआय जुन्या बूटलोडरला दारात उभं करत नाही. म्हणून आधी बूट, मग डिस्क, मग नेटवर्क, असं एकेक तपासत जावं लागतं.

जुनं सांभाळण्यात जोखीमही असते. जून 2017मध्ये नॉटपेट्या या घातक प्रोग्रॅमने मेर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातले संगणक ठप्प केले, तेव्हा न्हावा-शेवा बंदरातल्या तिच्याच समूहाच्या जीटीआय टर्मिनलचंही काम विस्कळीत झालं. हा हल्ला पसरण्याची एक वाट होती एसएमबी या फाइल-देवाणघेवाणीच्या प्रोटोकॉलच्या पहिल्या आवृत्तीतली त्रुटी. एसएमबीचा हा 1980च्या दशकातला वारसा जुन्या यंत्रांशी जुळावं म्हणून विंडोजने वागवला होता. त्रुटीवरचा पॅच मार्चमध्येच आला होता. सगळीकडे तो बसवलेला नव्हता.

तेव्हा काय ठेवायचं, काय सोडायचं, हे कुणीतरी ठरवावंच लागतं. डेबियन लिनक्सने ऑगस्ट 2025च्या 13व्या आवृत्तीत 32 बिट पीसीसाठीचा इन्स्टॉलर बंद केला. 64 बिट सिस्टीमवर जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून 32 बिटची पॅकेजेस मात्र राखली.