मेनका बॅले : मुंबईच्या नृत्यमेळ्याची युरोपवारी

१९३६ ते १९३८ या दोन-सव्वादोन वर्षांत मुंबईच्या एका नृत्यमंडळीने युरोपात साडेसातशेहून अधिक प्रयोग केले. प्रवासाचे दिवस वगळले तर रोज किमान एक प्रयोग, असा याचा हिशेब होतो. मंडळीचे नाव ‘मेनका इंडियन बॅले’. तिच्या संस्थापिका लीला सोखी ‘मेनका’ या नावाने रंगमंचावर वावरत. भारतीय नृत्याच्या इतिहासात या दौऱ्याचा उल्लेख बहुधा एका ओळीत आटोपतो आणि ती ओळही मेनकांच्या नावाने संपते. वास्तविक या मेळ्यात मराठी मुली होत्या, लखनौ-जयपूरकडचे गुरू होते, सरोदिये आणि तबलजी होते. आज ज्याला आपण ‘समूहनृत्यरचना’ म्हणतो त्या प्रकाराची घडण बरीचशी अशा मंडळींच्या फिरतीत झाली.

मेनका मूळच्या लीला रॉय. जन्म १८९९ चा, पूर्व बंगालातील बारिसालच्या रॉय घराण्यात. वडील बॅरिस्टर, आई इंग्रज. त्यांचे पती डॉ. साहिबसिंग सोखी १९३२ पासून परळच्या हाफकिन संस्थेचे संचालक होते आणि या पदावर आलेले ते पहिले भारतीय. त्यामुळे मेनकांचे घर, तालीम आणि मंडळी सारे मुंबईत उभे राहिले. प्रतिष्ठित घरातील विवाहित स्त्रीने कथक शिकावे आणि तिकीट लावून नाचावे, ही गोष्ट त्या काळी सहज पचण्यासारखी नव्हती. कोठीवरच्या नाचाचा कलंक कथकाला चिकटलेला होता. रशियन नर्तकी अॅना पावलोवा यांच्या प्रोत्साहनाने मेनका या वाटेला लागल्या, असे सांगतात. पण शिक्षण त्यांनी येथल्याच गुरूंकडे घेतले. पंडित सीताराम प्रसाद, अच्छन महाराज व लच्छू महाराज यांच्याकडे कथक, नवकुमार सिंह यांच्याकडे मणिपुरी आणि करुणाकर मेनन यांच्याकडे कथकली.

‘बॅले’ हा शब्द येथे फसवा आहे. पायाच्या चवड्यांवर उभे राहून नाचण्याच्या युरोपीय शास्त्राशी मेनकांच्या मंडळीचा संबंध नव्हता. संवादाविना, केवळ नृत्य व वाद्यसंगीताच्या आधारे अनेक कलावंतांनी सांगितलेली कथा, एवढाच अर्थ भारतात या शब्दाला आला. मराठीत ‘नृत्यनाट्य’ किंवा ‘नृत्यनाटिका’ हे शब्द नंतर रूढ झाले. पण जाहिरातीत आणि बोलण्यात ‘बॅले’च टिकला.

या प्रकाराला परदेशी रंगमंच दाखवला तो उदयशंकरांनी. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकण्यासाठी गेलेला हा तरुण १९२३ मध्ये पावलोवांबरोबर नाचला आणि चित्रकला मागे पडली. १९३० मध्ये भाऊ, काका, चुलतबहीण आणि वादक अशी मंडळी घेऊन ते पॅरिसला गेले. ३ मार्च १९३१ रोजी शाँझेलिझे नाट्यगृहात त्यांचा पहिला मोठा प्रयोग झाला. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस सॉल ह्युरॉक या नामांकित संयोजकाच्या हाताखाली मंडळी अमेरिकेत पोहोचली. तिच्यात बारा वर्षांचा रवी नावाचा धाकटा भाऊ होता. तोच पुढे पंडित रविशंकर.

सीमाभागातील वाचकाने उदयशंकरांच्या मंडळीतील आणखी एका नावापाशी थांबावे. ते नाव विष्णुदास शिराळी. हुबळीचे शिराळी हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. पलुसकरांचे गाव कुरुंदवाड, म्हणजे निपाणीपासून फार दूर नाही. तिमिर बरन यांच्यानंतर मंडळीच्या संगीताची धुरा शिराळींवर आली. तबलातरंग हे त्यांचे खास वाद्य. १९३७ मध्ये मंडळीचे संगीत अमेरिकेत आरसीए व्हिक्टर कंपनीने ध्वनिमुद्रित केले आणि उदयशंकरांच्या ‘कल्पना’ (१९४८) या चित्रपटाचे संगीतही शिराळींचेच.

शिराळींकडे ही जबाबदारी का आली, हे समजायला फिरत्या नृत्यमेळ्याची मुख्य अडचण ध्यानात घ्यावी लागते. मैफलीतला कथक नर्तक मोकळा असतो. समोरचे रसिक खुलले की गत वाढते, तबल्याशी सवाल-जवाब रंगतात, तिहाई एकदा घेऊन पुन्हा घेता येते. बॅलेत हे चालत नाही. आठ जण एकाच क्षणी समेवर यायचे असतात. प्रकाशयोजना ठरलेली, पडदा पडण्याची वेळ ठरलेली, त्या रात्रीची गाडीही ठरलेली. उद्याच्या गावात हेच सारे मिनिटाच्या फरकाशिवाय पुन्हा उभे करायचे. म्हणजे उत्स्फूर्ततेवर वाढलेल्या संगीताला मापात बसवायचे आणि तरीही ते निर्जीव होऊ द्यायचे नाही. पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९०८ मध्ये ते मुंबईत आणले. तेथे स्वरलिपी होती, इयत्ता होत्या, अनेकांनी मिळून एकसारखे गाण्याची सवय होती. घराणेदार गवयांनी त्या पद्धतीची पुष्कळ थट्टा केली. परंतु वाद्यवृंद बांधून तो देशोदेशी तसाच्या तसा वाजवण्याच्या कामी हीच शाळकरी शिस्त उपयोगी पडली, असे म्हणायला जागा आहे.

मेनकांनी हाच प्रश्न कथकाच्या बाजूने सोडवला. उदयशंकरांनी कोणत्याही एका शैलीला बांधून न घेता स्वतःची देहबोली रचली होती. मेनकांचा कणा मात्र कथकच राहिला. एकट्याने नाचण्याच्या या शैलीतून त्यांनी समूहरचना बांधल्या आणि पात्रांच्या गरजेप्रमाणे मणिपुरी व कथकली तिला जोडल्या. ‘कृष्णलीला’ हे त्यांचे पहिले नृत्यनाट्य १९३४ चे. त्यापाठोपाठ ‘देवविजयनृत्य’ आणि विश्वामित्राच्या तपोभंगाच्या कथेवरील ‘मेनका लास्यम्’ आले. विषय पुराणातले असले तरी ही कामे त्या काळची नवी, समकालीन कामेच होती. मंदिरात किंवा दरबारात ती कधीच झाली नव्हती. तिकीट काढून खुर्चीत बसणाऱ्या प्रेक्षकासाठी ती जन्माला आली. युरोपीय प्रेक्षक मात्र त्यांना हजारो वर्षांची अस्पर्शित परंपरा समजून पाहत असे आणि जाहिरातही तशीच केली जाई. भारतीय नृत्याच्या परदेशवारीतील ही गैरसमजूत पुढेही फारशी हटली नाही.

मंडळीची रचना आपल्याकडच्या नाटक कंपन्यांशी ताडून पाहण्याजोगी आहे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. त्यानंतरच्या काळात फिरती कंपनी म्हणजे काय, हे या भागाला कोणी शिकवावे लागले नाही. तेच पेटारे, तेच सामायिक बिऱ्हाड, तीच पाठोपाठची गावे. फरक इतकाच की कंपनीचा मालक मुक्काम वाढवू शकत असे. युरोपात तारखा आधीच बांधलेल्या असत आणि त्या संयोजकाच्या हातात असत. मेनकांच्या चमूत रामनारायण व गौरीशंकर हे कथक नर्तक होते, संगीताची बाजू अंबिक मजुमदार यांच्याकडे होती आणि सरोदवर लखनौचे सखावत हुसेन खाँ होते. मुलींमध्ये शेवंती भोसले आणि दमयंती जोशी ही नावे ठळक. नर्तक, वादक आणि गुरू एकाच मुक्कामावर राहत. कथक घराण्यातील उस्तादांनी शाळकरी मुलींसह महिनोन्‌महिने परमुलखात काढावेत, हा सामाजिक प्रयोग रंगमंचावरच्या प्रयोगाइतकाच धाडसाचा होता.

दमयंती जोशी यांचा जन्म मुंबईतला, १९२८ चा. म्हणजे दौरा सुरू झाला तेव्हा त्यांचे वय जेमतेम सात-आठ. मेनकांचे स्वतःचे मूल दगावले होते आणि दमयंतीला त्यांनी आपल्याकडे मागितले. आई वत्सलाबाईंनी मुलगी देऊन टाकण्यास नकार दिला. अखेर दोघींनी मिळून तिला वाढवायचे ठरले. सोखींनी वत्सलाबाईंना काम दिले आणि मुलीच्या शिक्षणाची व्यवस्था केली. एका मराठी आईने घातलेली ही अट किती दूरदर्शी होती, हे मंडळी मोडल्यावर उघड झाले. दमयंतीपाशी तोवर कंपनीखेरीज स्वतःचे घर होते, शिक्षण होते आणि कलाही होती.

दौऱ्यातील सर्वाधिक गाजलेला प्रसंग बर्लिनचा. ऑलिम्पिकच्या निमित्ताने जुलै १९३६ च्या उत्तरार्धात तेथे आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धा भरल्या आणि मेनकांच्या मंडळीचा तेथे गौरव झाला. त्याच उन्हाळ्यात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनमध्ये देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली आणि १५ ऑगस्टला ध्यानचंद यांच्या हॉकी संघाने जर्मनीला ८-१ असे हरवून सुवर्णपदक घेतले. हॉकीचा विजय सर्वांच्या तोंडी राहिला. नृत्याचा गौरव काही अभ्यासकांपुरता.

हा प्रसंग निव्वळ अभिमानाचा म्हणून सांगणे मात्र अर्धसत्य ठरेल. यजमान हिटलरची राजवट होती. याच स्पर्धेचे निमंत्रण अमेरिकेच्या मार्था ग्रॅहॅम यांनी नाकारले, कारण जर्मनीत कलावंतांचा छळ चालू होता. आधुनिक जर्मन नृत्याचे अध्वर्यू रूडॉल्फ लाबान यांची ऑलिम्पिकनिमित्त बसवलेली भव्य रचना रंगीत तालमीनंतर गोबेल्स यांनी बंद पाडली. अशा वातावरणात परदेशी नृत्याचे स्वागत होते, ते राजवटीच्या शोभेसाठी. ब्रिटिश अमलाखालील भारतीय मंडळीला युरोपात मान मिळणे ही त्यांच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती, हे समजण्यासारखे आहे. ज्यांनी तो मान देऊ केला त्यांचा हेतूही लपलेला नव्हता. १९३८ च्या ‘डेर टिगर फॉन एश्नापूर’ या जर्मन चित्रपटात या मंडळीची नृत्ये चित्रित झाली. त्यातला भारत महाराजा, वाघ आणि नर्तकी यांच्यापलीकडे जात नाही. नव्या रचना घेऊन गेलेल्या कलावंतांना पडद्यावर मिळालेली ही जागा बरेच काही सांगून जाते.

परतल्यावर मेनकांनी खंडाळ्याला ‘नृत्यालयम्’ ही संस्था काढली. गुरुकुलासारखी निवासाची सोय आणि एका छताखाली कथक, कथकली व मणिपुरी अशी तिची मांडणी होती. पुढे नामवंत झालेल्या शिरीन वजिफदार तेथेच शिकल्या. कालिदासाच्या नाटकावरील ‘मालविकाग्निमित्रम्’ ही मेनकांची अखेरची मोठी निर्मिती. मग महायुद्ध आले. सागरी मार्ग असुरक्षित झाले, युरोपची नाट्यगृहे आपल्या मेळ्यांना बंद झाली आणि परदेशच्या मिळकतीवर तोललेले सारे गणित कोसळले. याच युद्धाने आमच्या सांबऱ्यात १९४२ मध्ये ब्रिटिश हवाई दलाची धावपट्टी आणली. आज तिच्यावरून प्रवासी विमाने उडतात. मेनकांच्या पिढीला मात्र परदेश म्हणजे मुंबई बंदर आणि आठवडे खाणारा बोटीचा प्रवास. खंडाळ्याची संस्था तग धरू शकली नाही. मेनका १९४७ च्या मे महिन्यात, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, निवर्तल्या.

उदयशंकरांचे अल्मोड्याचे केंद्रही युद्धकाळातच बंद पडले. या दोन्ही संस्थांचे खर्च मोठे होते, आश्रयदाते थोडे आणि कायमचे उत्पन्न जवळपास शून्य. दौरा चालू आहे तोवर मंडळी जिवंत, हा नियम त्यांनाही चुकला नाही. माझ्या मते दोघांच्या अपयशाची कारणे कलेत शोधणे व्यर्थ आहे. ती जमाखर्चाच्या वहीत सापडतात. परदेशी कलावंत पाठवण्यासाठी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद १९५० मध्ये स्थापन झाली, तोवर ही पिढी विखुरली होती.

तरी धागा तुटला नाही. अल्मोड्यात उदयशंकरांबरोबर काम केलेले शांती बर्धन यांनी १९५२ मध्ये मुंबईत ‘लिटल बॅले ट्रूप’ उभारला. नर्तकांनी कळसूत्री बाहुल्यांप्रमाणे हालचाली करीत सादर केलेले त्यांचे ‘रामायण’ देशात व परदेशांत नावाजले गेले. बर्धन १९५४ मध्येच गेले, पण पत्नी गुल बर्धन यांनी संस्था आधी ग्वाल्हेरला व पुढे भोपाळला नेऊन अनेक दशके चालवली. मुंबईत सचिन शंकर यांचे बॅले युनिट होते. ‘देख तेरी बंबई’ रचणारे मराठी नृत्यगुरू पार्वतीकुमार पुढे तंजावरच्या सरफोजीराजांच्या मराठी नृत्यरचनांकडे वळले. अस्ताद देबू यांनी तर कथक आणि कथकली शिकून स्वतःचे समकालीन नृत्य घडवले आणि मणिपूरच्या पुंगवादकांना घेऊन ते जगभर फिरले. डिसेंबर २०२० मध्ये त्यांचे मुंबईत निधन झाले.

मेनकांच्या मंडळीतून दीर्घकाळ लोकांसमोर राहिल्या त्या दमयंती जोशी. समूहनृत्यात वाढलेली ही मुलगी नंतर एकल कथकाकडे वळली. १९६८ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० मध्ये पद्मश्री मिळाली. मुंबईत त्यांनी शिष्या घडवल्या, लखनौच्या कथक केंद्राचे संचालकपद सांभाळले. सप्टेंबर २००४ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. दौऱ्यातील इतर मुलींची नावे आज प्रामुख्याने युरोपातील जुन्या कार्यक्रमपत्रिकांवर आणि वृत्तपत्रांच्या कात्रणांत आढळतात, आणि जर्मन अभ्यासकांनी गेल्या काही वर्षांत ती गोळा करायला घेतली आहेत.