बेसवाल्याची पिशवी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

सकाळी आठ-सव्वाआठच्या सुमाराला मीरा रोड स्टेशनात चर्चगेटच्या गाडीत चढणं म्हणजे काय असतं, हे पश्चिम रेल्वेच्या प्रवाशांना सांगायला नको. विरारहून भरून आलेल्या त्या गाडीत माणूस कसाबसा शिरतो, पण त्याच्या हातातली छत्री बाहेर राहते. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ म्हणून या गाडीच्या वाटेला जातच नाहीत. पाठीवर लांबट काळी पिशवी अडकवून ते उलटे भाईंदरला जातात, मुंबईकरांच्या भाषेत 'रिटर्न' जातात, आणि भाईंदरहूनच सुटणारी लोकल पकडतात. डब्यात शिरल्यावर पिशवी पुढे, पोटाशी घेतात. आत बेस गिटार असते. ते रेकॉर्डिंगला निघालेले असतात.

एका रविवारी मी त्यांना ती पिशवी उघडून दाखवायला सांगितली. गिटारबरोबर काय काय निघालं, ते ऐका. तारांचा जादा संच, दोन केबली, चौकोनी नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, सूर जुळवायचं छोटं यंत्र, डब्याएवढी एक लोखंडी पेटी, पेन्सिल आणि खोडरबर, परदेशी प्लगांना जोडायच्या पिना, भांडी घासायच्या स्पंजाचा एक तुकडा आणि एक वही. मला वाटलं, स्पंज चुकून आला असेल. पण या पिशवीत चुकून आलेलं काहीच नव्हतं. मुंबईच्या ध्वनिमुद्रणाचा गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा इतिहास त्या वस्तूंमध्ये जागोजागी अडकलेला होता.

आधी बेस म्हणजे काय ते सांगतो. आपल्याकडे बरेच जण 'बेस' म्हणजे पाया असंच समजतात. इंग्रजीत ते शब्द वेगळे, पण ही गैरसमजूत इतकी योग्य आहे की ती दुरुस्त करू नये. गाण्याचा खर्ज सांभाळणारं हे वाद्य. त्याच्या सर्वात जाड तारेची कंपनं सेकंदाला सुमारे 41. आपण जर हे भाषण छोट्या ट्रान्झिस्टरवर ऐकत असाल, तर तो सूर आपल्या यंत्रातून बाहेरच पडत नाही. तेवढ्याशा कर्ण्याला तो झेपत नाही. तरीही आपल्याला तो ऐकू येतो. कारण त्या सुराचे वरचे उपस्वर कानावर पडतात आणि मूळ सूर मेंदू स्वतः भरून घेतो. म्हणजे बेस वाजवणारा दिसत नाही हे तर झालंच, अनेकदा तो ऐकूही येत नाही. त्याचा अंदाज बांधला जातो.

चित्रपटसंगीताच्या सुरुवातीच्या दशकांत हे काम डबल बेस करायचा. व्हायोलिनचा थोरला भाऊ म्हणा, माणसाच्या उंचीचा. मागे उभं राहून, एका हाताने कवेत घेऊन वाजवायचा. फियाट टॅक्सीच्या टपाला बांधून न्यावं असं हे वाद्य. लोकलचा विचारच नको. आणि तो वाजवणारे बहुतेक गोव्याचे. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवलं जायचं. ती मुलं मोठी होऊन मुंबईला आली, धोबीतलावच्या कुडांत राहिली, हॉटेलांतल्या जाझ वाद्यवृंदांत वाजवू लागली. 1949 साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा आला आणि हॉटेलांतली ती रात्रीची दुनिया आक्रसली. सिनेमाला याच वेळी मोठे वाद्यवृंद हवे होते. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड हे संगीतसंयोजक आणि त्यांच्यामागे उभे असलेले कित्येक वादक असे स्टुडिओत आले.

ती पेन्सिल आणि खोडरबर या काळातले. संयोजकाने लिहिलेला प्रत्येक वादकाचा भाग हाताने उतरवून समोरच्या स्टँडवर ठेवलेला असायचा. संगीतकार ऐन वेळी म्हणायचा, अंतऱ्याआधी दोन मात्रा कमी करा. पन्नास-साठ वादक एकाच वेळी आपापल्या कागदावर खोडाखोड करायचे. ज्याच्याकडे पेन्सिल नाही, तो ती दुरुस्ती डोक्यात ठेवायचा, आणि चौथ्या टेकला नेमका तिथे चुकायचा. गायक, तालवादक, व्हायोलिनवाले सगळे एकाच वेळी वाजवत, सगळं एकत्रच मुद्रित होई. एकाची चूक म्हणजे सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. ताडदेवचं फिल्म सेंटर, वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ इथल्या दालनांत याच पद्धतीने दिवसचे दिवस जात.

अमेरिकेत लिओ फेंडर या माणसाने 1951 साली 'प्रिसिजन बेस' नावाची विजेवर चालणारी बेस गिटार बाजारात आणली. पट्ट्याने खांद्यावर टांगता येईल, मानेवर धातूच्या पट्ट्या असल्यामुळे सूर अचूक लागेल आणि ढोल-तुताऱ्यांच्या गदारोळात ऐकू येईल, असा डबल बेसचा हा पर्याय. पण लोकांच्या कानाला डबल बेसचा तो 'धुम्म' होऊन लगेच विरणारा आवाज सवयीचा होता. विजेच्या गिटारीची तार मात्र घणघणत राहायची. म्हणून फेंडरने तारांच्या टोकाशी, वरच्या झाकणाखाली, स्पंजची पट्टीच बसवली. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा विख्यात बेसवादक जेम्स जेमर्सन याने आपल्या गिटारवरचा स्पंज कधी काढला नाही, आणि तारा तुटल्याशिवाय बदलल्या नाहीत, असं सांगतात. आमच्या शेजाऱ्यांनी आयुष्यात डबल बेसला हात लावलेला नाही. पण संगीतकार म्हणाला, 'जरा जुन्या गाण्यांसारखं हवं', की भांडी घासायचा तो तुकडा ते तारांखाली सरकवतात.

आपल्याकडे ही गिटार रुळली साठच्या दशकाच्या उत्तरार्धात आणि सत्तरच्या दशकात. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदातले टोनी वाझ हे नाव जाणकारांना ठाऊक असतं. त्या काळातल्या गाण्यांत बेस नुसता ताल धरून चालत नाही, तो गायकाशी बोलतो, मधेच त्याला चिमटा काढतो. घरी जुनी रेकॉर्ड असेल तर शब्दांकडे दुर्लक्ष करून एकदा खालचा सूर ऐकावा. नव्याने गाणं ऐकल्यासारखं होतं.

तारांची गोष्ट वेगळी. 1991 पर्यंत परदेशी वाद्यं आणि सुटे भाग आयात करणं हा परवान्यांचा आणि जबर जकातीचा मामला होता. चांगल्या तारा यायच्या त्या बोटीवर काम करणाऱ्यांच्या, आखातात नोकरीला असलेल्या नातेवाइकांच्या सामानातून. बेसची तार सहसा तुटत नाही, पण बोटांचा घाम आणि मळ तिच्या वेढ्यांत बसून ती मुकी होते. मग ती काढून पातेल्यात उकळायची, पुसून पुन्हा चढवायची. थोडे दिवस चकाकी परत येते. घरातल्या बायकांचं यावर काय म्हणणं असे, ते इथे सांगत नाही. आज तारा सहज मिळतात. तरी पिशवीत जादा संच असतोच, आणि नवा संच रेकॉर्डिंगच्या दिवशी नाही, तर दोन-चार दिवस आधी चढवायचा असतो. नवी तार ताणली जात असते, ती सुरात ठरत नाही.

आता त्या दोन बॅटऱ्या. काही बेस गिटारींच्या पोटात आवाज वाढवणारं छोटं यंत्र असतं, ते बॅटरीवर चालतं. केबल खोचलेली असेल तोवर बॅटरी खर्च होत राहते, वाजवा अथवा नका वाजवू. आमचे शेजारी तरुण असताना, एका स्टुडिओत (नाव त्यांनीही सांगितलं नाही) जेवणाच्या सुट्टीत केबल खोचलेलीच ठेवून गेले. परत आल्यावर पहिल्याच ओळीला आवाज फाटला, मग बुडाला. जवळपास बॅटरी मिळेना. दहा मिनिटं वाट पाहून संगीतकाराने कीबोर्डवाल्याला खूण केली. त्याने डाव्या हाताने खर्जाचे सूर वाजवले, सगळ्यांनी 'ठीक आहे' म्हटलं आणि काम पुढे गेलं. 'मला राग बॅटरीचा आला नाही,' ते म्हणाले, 'ते ठीक आहे म्हणाले, त्याचा आला.' त्यानंतर पुष्कळ दिवस त्या संगीतकाराकडून बोलावणं आलं नाही.

त्या 'ठीक आहे'मध्ये एका पिढीचा रोजगार गेला. 1981 साली जपानच्या रोलँड कंपनीने टीबी-303 नावाचं चंदेरी रंगाचं एक यंत्र काढलं. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला साथीला बेसवादक लागू नये, एवढाच त्याचा हेतू. बेस गिटारसारखा आवाज मात्र त्यातून येईना. खप झाला नाही, आणि 1984 मध्ये कंपनीने ते बंद केलं. पण त्याआधी मुंबईच्या एका वादकाने सिंगापूरहून ते आणलं होतं. चरणजित सिंग त्यांचं नाव. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बेस गिटार वाजवणारे. 1982 साली त्यांनी त्या यंत्रावर, जोडीला विजेवर चालणारा ढोल आणि सिंथेसायझर घेऊन, दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर मुद्रित केले. रेकॉर्ड कोणी फारशी घेतली नाही. 2010 मध्ये एका डच कंपनीने ती पुन्हा काढली, तेव्हा युरोपातल्या मंडळींनी कपाळाला हात लावला. तिकडे पुढे काही वर्षांनी शिकागोत जन्मलेल्या नृत्यसंगीताचा आवाज इथे आधीच वाजून गेला होता. सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग मग परदेशात कार्यक्रम करून आले. 2015 मध्ये ते गेले. बेसवाल्याने रेकॉर्डिंगला कोणतं सामान न्यावं, याचं सर्वात धाडसी उत्तर मला हेच वाटतं. आपली जागा घ्यायला बनवलेलं यंत्र त्यांनी स्वतःच काखोटीला मारून नेलं.

सगळ्यांना ते जमण्यासारखं नव्हतं. पुढच्या पंधरा वर्षांत एकेक वाद्य वेगवेगळं मुद्रित करण्याची सोय आली, मग संगणक आला. मोठे वाद्यवृंद विसाव्या शतकाबरोबरच संपत आले. याच वर्षांत वांद्रे, माहीम, कलिन्यातल्या जागा आवाक्याबाहेर गेल्या, आणि इकडे मिठागरांच्या, खाजणांच्या शेजारी इमारती उभ्या राहत होत्या. मीरा-भाईंदरला 1985 मध्ये नगर परिषद झाली, 2002 मध्ये महानगरपालिका. परवडणारं घर शोधत जे लोक इथे आले, त्यांत वादकही होते. उत्तन-डोंगरीच्या ईस्ट इंडियन वस्त्यांना लग्नात बँड लावून 'उंबराचं पाणी' आणायला जाण्याची जुनी सवय. मीरा रोडच्या सोसायट्यांना मात्र दुपारी झोप लागते. आमच्या शेजाऱ्यांचा सराव कानाला हेडफोन लावून चालतो. आम्हाला फक्त बोटांची टकटक ऐकू येते.

ती लोखंडी पेटी म्हणजे डीआय बॉक्स. पूर्वी बेसवाला आवाजवर्धकाची जड पेटी न्यायचा. पण तिचा घुमारा दालनभर पसरून गायकाच्या माइकमध्ये शिरायचा. ही छोटी पेटी गिटारचा क्षीण संदेश स्टुडिओच्या लांबच लांब तारांना मानवेल असा करते आणि थेट ध्वनिमुद्रकाच्या टेबलाकडे पाठवते. तिच्यावर एक बटण असतं. वायरिंगच्या भानगडीमुळे गुणगुण येऊ लागली की ते दाबायचं. स्टुडिओत अशी पेटी असतेच. पण असते आणि चालते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून स्वतःची न्यायची. केबली दोन त्याच कारणाने. गिटार मात्र आता पाच तारांची आहे. सिंथेसायझर ज्या खोलीवर जातो तिथे चार तारांनी पोचता येत नाही, म्हणून खाली आणखी एक जाड तार आली.

राहता राहिली वही. तिच्यात तारीख, स्टुडिओ, संगीतकार, किती गाणी, मानधन मिळालं की यायचंय, अशा नोंदी आहेत. मी म्हटलं, हिशेबाची का? ते म्हणाले, हिशेबाचीच, पण पैशाच्या नाही.

जेमर्सनचं नाव मोटाउनच्या रेकॉर्डवर पहिल्यांदा ठळकपणे छापलं गेलं ते 1971 साली, मार्व्हिन गे यांच्या अल्बमवर. तोवर अमेरिकाभर त्याचा बेस वाजत होता आणि माणूस कोणाला ठाऊक नव्हता. आपल्याकडे अँथनी गोन्साल्विस हे नाव घरोघरी पोचलं ते 1977 च्या चित्रपटातल्या एका पात्रामुळे. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलालजींनी केलेली ती आठवण होती. बाकीच्यांचं काय? न्यूझीलंडमधले अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी 2008 मध्ये मुंबईच्या स्टुडिओवादकांवर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यांना वादकांच्या घरी जाऊन आठवणी गोळा कराव्या लागल्या, कारण कोण कुठे वाजवत होतं हे छापील कागदावर फारसं नव्हतंच. 2012 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन कलावंताला व्यापारी वापरातून मानधनाचा वाटा मिळण्याचा हक्क आला. पण त्याच कायद्यात असंही म्हटलं आहे की, चित्रपटात ज्याचं काम प्रासंगिक स्वरूपाचं आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीसकट कुठेच दिलं जात नाही, त्याला, एक छोटा अपवाद सोडता, कलावंत धरू नये. रिवाज कोणी पाडला, हे कायदा विचारत नाही.

म्हणून वही. अडचण एवढीच, की आता बेस मुद्रित करायला ते एकटेच जातात. समोर गायक नसतो, शब्द नसतात, ठेका संगणकातला असतो. गाणं कुठल्या चित्रपटाचं, हे बोलावणाऱ्यालाही कधी माहीत नसतं. मी पान उलटून पाहिलं. तारीख होती, अंधेरीतल्या स्टुडिओचं नाव होतं. गाण्याच्या रकान्यात लिहिलं होतं: 'संथ. सूर ई. नाव नंतर कळवतो म्हणाले.'