दक्षिण तिरोलचा राज्यकारभार व बहुमताचा प्रश्न

लोकसत्ताक राज्यपद्धतीचा पाया बहुमत हा होय, हें तत्त्व आपल्या इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं, त्याच्या मागें एक गृहीत दडलेलें आहे याची आठवणही सहसा होत नाहीं. दहांपैकीं सहांनीं हात वर केले म्हणजे उरलेल्या चौघांनीं मान तुकवावी, हा न्याय चौघांना मान्य होतो. कारण आज आपण चार असलों तरी उद्यां सहा होऊं, अशी आशा त्यांच्या मनांत असते. पण भेद जर मताचा नसून मातृभाषेचा असेल, तर आजचे चार उद्यांही चारच राहणार, आणि त्यांच्या नातवांच्या काळींही चारच. अशा ठिकाणीं निवडणूक ही खानेसुमारी होऊन बसते. या पेंचांतून वाट कशी निघते, आणि त्या वाटेचें मोल काय द्यावें लागतें, हें पाहावयाचें असेल त्यानें इटलीच्या उत्तर सीमेवरील त्रेंतिनो-आल्तो आदिजे या प्रांताच्या इतिहासाकडे वळावें. आज आम्ही तोच थोडक्यांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

आल्प्स पर्वतांतील ब्रेन्नर खिंडीपासून दक्षिणेकडे उतरत येणाऱ्या खोऱ्यांचा हा प्रदेश. इटलींत प्रांताखालीं जो विभाग असतो त्यास आपण जिल्हा म्हणूं. असे येथें दोन जिल्हे आहेत. दक्षिणेकडील त्रेंतो जिल्ह्याची भाषा इटालियन. उत्तरेकडील बोल्झानो जिल्ह्याची मुख्यतः जर्मन. या उत्तर जिल्ह्यास तेथील जर्मन भाषिक दक्षिण तिरोल म्हणतात. डोंगरांच्या आडोशास असलेल्या कांहीं खोऱ्यांत लादीन नांवाची लॅटिनोद्भव भाषा बोलणारे थोडे लोक राहतात. पहिल्या महायुद्धापर्यंत हा सारा मुलूख ऑस्ट्रियाच्या तिरोल प्रांतांत मोडत असे. १९१५ सालीं लंडन येथें झालेल्या गुप्त तहानें दोस्त राष्ट्रांनीं इटलीला, ती युद्धांत उतरेल तर, ब्रेन्नरपर्यंतची भूमि देऊं केली. व १९१९ च्या सेंट जर्मेनच्या तहानें ती तिच्या पदरांत पडली. त्रेंतोच्या इटालियनांपैकीं अनेकांना हें स्वगृहीं परतणें वाटलें. परंतु बोल्झानोकडे १९१० च्या खानेसुमारीप्रमाणें शेंकडा सुमारें ८९ लोक जर्मन बोलत होते, आणि इटालियन बोलणारे शेंकडा तिनांच्या आसपास होते. १९२१ च्या निवडणुकींत त्या लोकांनीं रोमच्या पार्लमेंटांत आपले चार प्रतिनिधि धाडले. शेंकडों सभासदांच्या सभेंत चौघांचा आवाज तो किती!

पुढील वर्षीं तोही दबूं लागला. १९२२ च्या ऑक्टोबरच्या आरंभीं, म्हणजे रोमवरील सुप्रसिद्ध चालीच्या आधींच, फॅसिस्टांनीं बोल्झानोवर चाल केली आणि तेथील जर्मन नगराध्यक्ष पेराथोनर यांचें पद गेलें. १९२३ सालीं एत्तोरे तोलोमेई यानें इटालियनीकरणाची बत्तीस कलमांची योजना जाहीर केली. जर्मन शाळा बंद झाल्या, गांवांचीं नांवें बदललीं, तिरोल हें नांव वापरण्यासही बंदी झाली. मुलांना मातृभाषेचीं अक्षरें चोरून शिकविण्याची पाळी आली. त्या वर्गांना लोक भुयारी शाळा म्हणत. पुढें बोल्झानो येथें कारखाने उभारून इटलीच्या इतर भागांतून कामगार आणले गेले. १९३९ सालीं हिटलर व मुसोलिनी यांच्यांत ठरलें कीं, या लोकांनीं एक तर जर्मनींत जावें, नाहीं तर इटालियन होऊन राहावें. शेंकडा ८६ च्या सुमारास लोकांनीं जाण्याचा पक्ष पत्करला. युद्धामुळें प्रत्यक्ष गेले ते सुमारें ७५,०००. भावाभावांत व शेजाऱ्याशेजाऱ्यांत पडलेली ही फूट भरून येण्यास पुढें फार काळ लागला.

युद्ध संपल्यावर ऑस्ट्रियानें हा मुलूख परत मागितला, पण दोस्तांनीं तो दिला नाहीं. त्याऐवजीं ५ सप्टेंबर १९४६ रोजीं पॅरिस येथें इटलीचे मुख्य प्रधान आल्चीदे दे गास्पेरी व ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री कार्ल ग्रूबर यांनीं एका लहानशा करारावर सह्या केल्या. जर्मन भाषिकांना त्यांच्या शाळा, भाषेचा समान दर्जा व स्वायत्त कारभार देण्याचें त्यांत वचन होतें. दे गास्पेरी हे स्वतः त्रेंतिनोचे. तरुणपणीं ते ऑस्ट्रियाच्या पार्लमेंटांत इटालियन भाषिकांचे प्रतिनिधि म्हणून बसले होते. अल्पसंख्याकांचें दुःख त्यांना कोणीं शिकवावयास नको होतें. तथापि ही स्वायत्तता कोणत्या चौकटींत द्यावयाची, ही गोष्ट करारांत मोघम राहिली होती. १९४८ च्या सनदेनें मुख्य अधिकार दिले ते दोन्ही जिल्हे मिळून होणाऱ्या प्रांताला. एका जिल्ह्यांत जे बहुसंख्य होते ते या मोठ्या चौकटींत अल्पसंख्य झाले. मतपेटीला कोणीं हात लावला नाहीं. वर्तुळ तेवढें मोठें काढलें, आणि लोकशाहीच्या सर्व नियमांना धरून एका समाजाच्या हातची सत्ता गेली.

८ मे १९४५ रोजीं स्थापन झालेला दक्षिण तिरोल लोकपक्ष हा जर्मन व लादीन भाषिकांचा पक्ष होय. त्याचे पुढारी सिल्व्हिउस मान्यागो हे युद्धांत एक पाय गमावलेले कायदेपंडित होते. १७ नोव्हेंबर १९५७ रोजीं बोल्झानोजवळील सिग्मुंड्सक्रोन किल्ल्यांत सुमारें ३५,००० लोक जमले. त्यांपैकीं पुष्कळांना रोमपासूनच फुटून निघावयाचें होतें. मान्यागो यांनीं घोषणा दिली ती त्रेंतोपासून मोकळें होण्याची. इटलींतच राहूं, पण आमच्या जिल्ह्याचा कारभार आमच्या हातीं द्या, हा तिचा अर्थ. संतप्त जमावाला मवाळ मागणी गळीं उतरविणें हें फार थोड्या पुढाऱ्यांना साधतें. १९६० सालीं ऑस्ट्रियानें हा वाद संयुक्त राष्ट्रसंघापुढें नेला. १९६१ च्या जूनमध्यें एका रात्रींत विजेचे कित्येक मनोरे स्फोटांनीं उडविले गेले, आणि पुढील वर्षांत माणसेंही बळी पडलीं. परंतु त्याच वर्षीं नेमलेल्या एकोणीस जणांच्या समितींत वाटाघाटीही सुरू झाल्या. त्यांचें फळ म्हणून निघालेली १३७ कलमांची योजना १९६९ च्या नोव्हेंबरांत मेरानो येथें पक्षाच्या परिषदेपुढें आली, आणि शेंकडा ५३ च्या आसपास मतांनीं कशीबशी मान्य झाली.

तदनुसार १९७२ सालीं अंमलांत आलेल्या दुसऱ्या सनदेनें प्रांताचे बहुतेक अधिकार जिल्ह्यांच्या हवालीं केले. प्रांताकडे जमिनींचीं दप्तरें, स्थानिक संस्थांचे कायदे अशीं थोडकीं कामें उरलीं. २००१ च्या घटनादुरुस्तीनंतर लोक केवळ जिल्ह्यांचीं मंडळें निवडतात. ३५-३५ सभासदांचीं तीं दोन मंडळें एकत्र बसलीं म्हणजे प्रांताचें मंडळ होतें, आणि प्रांताचें अध्यक्षपद दोन जिल्हाध्यक्ष आळीपाळीनें भूषवितात. सत्ता सोडल्यामुळेंच हा प्रांत टिकला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

बोल्झानोच्या कारभाराची रचना विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. त्रेंतोचा अध्यक्ष थेट लोकांच्या मतांनीं निवडला जातो. बोल्झानोचा मात्र मंडळ निवडतें, व मंडळाची निवडणूक प्रमाणशीर पद्धतीनेंच झाली पाहिजे असें सनदेंत आहे. कारभारी मंडळांत भाषिक गटांना कायदेमंडळांतील त्यांच्या संख्येच्या प्रमाणांत जागा द्याव्या लागतात. एखाद्या विधेयकानें आपल्या समान हक्कास धक्का बसतो असें एका भाषेच्या बहुसंख्य सभासदांस वाटलें, तर त्यांस गटवार मतदान मागतां येतें, आणि तरीही विधेयक संमत झालें तर घटना-न्यायालयाकडे जातां येतें. सरकारी नोकऱ्याही १९७६ पासून भाषांच्या प्रमाणांत वांटल्या जातात, व त्यांसाठीं दोन्ही भाषांची परीक्षा द्यावी लागते. या व्यवस्थेंत दक्षिण तिरोल संपन्न झाला, आणि १९९२ सालीं ऑस्ट्रियानें वाद मिटल्याचें जाहीर केलें.

परंतु प्रमाण ठरवावयाचें तर मोजणी आली, आणि मोजणी आली म्हणजे प्रत्येकानें आपण कोणत्या रकान्यांतले तें सांगणें आलें. १९८१ च्या खानेसुमारीपासून हें घोषणापत्र वैयक्तिक झालें. आलेक्झांडर लांगर हा स्टर्झिंगचा जर्मन भाषिक. दोन्ही समाजांत पूल बांधण्यास त्यानें जन्म वेंचला. माणसांना अशा रकान्यांत बसविणें त्याला मान्य नव्हतें, म्हणून त्यानें घोषणापत्र भरण्यास नकार दिला. आणि त्याच कारणावरून १९९५ सालीं बोल्झानोच्या नगराध्यक्षपदाची त्याची उमेदवारी नाकारली गेली. ज्या नियमानें समाजांत शांतता आणली, त्या नियमांत समेट घडवूं पाहणाऱ्याला जागा नव्हती. जर्मन व इटालियन मुलांच्या शाळाही अद्याप निराळ्याच आहेत. ही किंमत लहान म्हणतां येणार नाहीं.

तरीही ही व्यवस्था एका समाजाची मिरासदारी आहे, असा निकाल देण्यापूर्वीं अलीकडील निवडणुकांकडे पाहावें. १९६० पासून मान्यागो, डुर्नवाल्डर व कोम्पाचर अशा तिघांच्याच हातीं क्रमानें जिल्ह्याचें अध्यक्षपद आलें; पण लोकपक्षाचें निर्विवाद बहुमत २०१३ सालीं गेलें, व २०२३ सालीं त्याला ३५ पैकीं १३ जागा मिळाल्या. त्याच निवडणुकींत इटालियन भाषिक सभासद अवघे पांच निवडून आले; वस्तुतः २०११ च्या खानेसुमारींत त्यांचें प्रमाण शेंकडा २६ होतें. ज्यांचें राष्ट्र, ज्यांची राजधानी, ते या जिल्ह्यांत आतां चौघांच्या जागीं उभे होते. पण इटालियनांना वगळून कारभारी मंडळ बनविणें सनदेप्रमाणें शक्यच नव्हतें. वाटाघाटी होऊन ११ जणांच्या मंडळांत दोन इटालियन आले. जर्मन भाषिकांनीं आपल्या रक्षणासाठीं झगडून मिळविलेल्या सनदेचा आधार अशा रीतीनें इटालियनांना मिळाला. मोजणीचे दोष आम्हांस दिसतात, आणि लांगरचा आक्षेप अद्याप अनुत्तरित आहे हेंही आम्ही मान्य करतों. परंतु जो कायदा ज्याच्यासाठीं केला त्याच्या प्रतिपक्षालाही वेळ आली असतां तितकाच उपयोगीं पडतो, त्याला अन्याय्य म्हणण्यास आमची जीभ वळत नाहीं.