उल्हास नदीच्या खोऱ्यातील दोन ससे

अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर येथील इमारतींच्या सज्जात ठेवलेल्या पिंजऱ्यातून पांढरा किंवा करडा ससा डोकावताना दिसणे ही आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. अपूर्व असतात ते अशा घरांतील मंडळींना पहिल्या काही महिन्यांत येणारे अनुभव. दोन्ही माद्याच म्हणून मोठ्या विश्वासाने आणलेल्या जोडीला एके सकाळी पिले झालेली आढळतात. त्याच्या आदल्या दिवशी मादी आपल्याच छातीपोटावरचे केस उपटीत बसते, तेव्हा खरजेच्या शंकेने घरात धावपळ उडते. आणि पिले झाल्यावर ती दिवसभर त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, त्यामुळे कुटुंबातील सर्व वडीलधारी माणसे तिला निर्दय ठरवून मोकळी होतात. या विपरीत वाटणाऱ्या वर्तनाचा उलगडा व्हावयाचा, तर या प्राण्याची वंशावळ आणि आपल्या मुलखातील सशाशी असलेला आपला जुना परिचय, या दोहोंचा इतिहास पाहणे अगत्याचे आहे.

वालधुनी नदीच्या काठचे अंबरनाथाचे शिवालय शिलाहार नृपती मम्वाणीच्या कारकिर्दीत, शके 982 म्हणजे इ. स. 1060 मध्ये, पूर्णत्वास गेले, त्याच्याही पूर्वीपासून या खोऱ्यातील माळराने व डोंगरउतार हे रानसशाचे वसतिस्थान होते. हा ससा बीळ खणीत नाही. गवतातील उथळ खळग्यात अंग चोरून बसावे आणि संकट अगदी अंगाशी आले म्हणजे वाऱ्याच्या वेगाने निसटावे, हीच त्याची संरक्षणनीती. त्याची पिले अंगभर लव घेऊन, उघड्या डोळ्यांनी जन्मास येतात आणि अल्पावकाशात हिंडूफिरू लागतात. धर्मशास्त्राने पाच नखांच्या प्राण्यांपैकी जे भक्ष्य ठरविले त्यांत सशाची गणना आहे. डोंगरवस्तीतील कातकरी व ठाकर यांना तो ठाऊक होता तो शिकार म्हणून, वाघूर लावून धरावयाचे सावज म्हणून. पंचतंत्राने त्याला सिंहावर मात करणारा मुत्सद्दी केले, जातककथेने अतिथीसाठी स्वतःचा देह अग्नीत अर्पण करणारा बोधिसत्त्व केले, आणि शिवाने मस्तकी धारण केलेल्या चंद्रावरही लोकांनी त्यालाच पाहिले. एवढे सर्व झाले, परंतु गाय, शेळी किंवा कोंबडी यांच्या पंक्तीस तो कधीच आला नाही.

पिंजऱ्यातल्या सशाचे कुलवृत्त सर्वस्वी निराळे आहे. त्याचे मूळ घर इबेरियन द्वीपकल्प, म्हणजे आजचे स्पेन व पोर्तुगाल. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात व्हॅरो या रोमन ग्रंथकाराने तटबंद आवारात ससे राखण्याची जी पद्धत वर्णिली आहे, तीत हिस्पानियातून, म्हणजे याच द्वीपकल्पातून, आलेल्या या बिळे खणणाऱ्या जातीचा उल्लेख आहे. आणि पुढचा रोमन ग्रंथकार प्लिनी तर असे नमूद करतो की, बॅलेआरिक बेटांवरील रयतेने सशांच्या उपद्रवापायी सम्राट ऑगस्टसकडे लष्करी मदतीचा अर्ज केला होता. पुढे युरोपात तो पूर्णपणे माणसाळला आणि त्याचे नाना रंगांचे व लांबीच्या केसांचे वाण निपजले. 1859 मध्ये ऑस्ट्रेलियात शिकारीच्या हौसेने सोडलेल्या दोन डझन सशांच्या संततीने काही दशकांत त्या खंडाचा मोठा प्रदेश व्यापला, हा त्याच्या प्रजननशक्तीचा जगद्विख्यात पुरावा होय. आपला रानससा आणि हा बिळातला ससा यांची गुणसूत्रेही अनुक्रमे 48 आणि 44 अशी भिन्न असून त्यांचा संकर होत नाही.

इंग्रजी अमदानीत हा परदेशी ससा मुंबईत दोन वाटांनी लोकांच्या नजरेस आला: एक प्रयोगशाळेची आणि दुसरी बाजाराची. 1896 च्या प्लेगात भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी आपली प्लेगवरील लस प्रथम सशांवर अजमावली आणि जानेवारी 1897 मध्ये स्वतःला टोचून घेतली. आणि 1869 मध्ये उभ्या राहिलेल्या क्रॉफर्ड मार्केटात पशुपक्ष्यांच्या दुकानांतून तो हौशी लोकांच्या हाती पडू लागला. कल्याणहून खोपोलीकडे जाणारा लोहमार्ग 12 मे 1856 रोजी खुला झाला होता, तरीही या खोऱ्यातील भातशेतीच्या गावांना, जेथे दारात गोठा आणि परसात कोंबड्या, पिंजऱ्यातल्या प्राण्याची गरज भासण्याचे कारण नव्हते. ते कारण नगरांनी निर्माण केले. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उल्हासनगर असे नामकरण झाले. अंबरनाथास काडेपेटीचा व दारूगोळ्याचा कारखाना नांदू लागला. आणि पुढे मुंबईच्या नोकरदारांनी बदलापूरपर्यंत बिऱ्हाडे हलविली. गोठा गेला, अंगण गेले, मुलांची प्राण्यांची ओढ मात्र राहिली. तेव्हा आवाज न करणारा, शेजाऱ्यांची तक्रार ओढवून न घेणारा आणि मेथी-कोथिंबिरीच्या काड्यांवरही खूश होणारा ससा या नव्या वहिवाटीस सोयीचा ठरला.

आता त्या कुटुंबाच्या आश्चर्याकडे वळू. कोवळ्या सशांतील नरमादी ओळखणे जाणत्यासही कठीण जाते, आणि मादीचे बीज समागमानंतरच सुटत असल्यामुळे गर्भ राहण्यास ऋतूची वाट पाहावी लागत नाही. सुमारे 31 दिवसांत ती विते आणि त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. बिळात जन्मणारी पिले उघडीनागडी व आंधळी असतात, म्हणून केस उपटून ती त्यांच्यासाठी ऊबदार अंथरूण करते. बिळाचे तोंड शत्रूला कळू नये म्हणून ती दिवसातून एकदोनदाच, तेही चार-पाच मिनिटे, पाजावयास येते. ही निर्दयता नसून अत्यंत सावध माता असल्याची खूण होय. कुंडीतील माती उकरणे हा बीळ खणण्याचा वारसा. विजेच्या तारा कुरतडणे हा आयुष्यभर वाढत राहणाऱ्या दातांचा तगादा. आणि मागचा पाय जमिनीवर आपटणे हा बिळातील सोयऱ्यांना द्यावयाचा धोक्याचा इशारा. रानातील भित्रा ससा मनात धरून पिंजऱ्यात हात घालणाऱ्यास, पिलांची राखण करणारी मादी कडकडून चावते, तेव्हा चुकीच्या सशाविषयीचे ज्ञान आपण बाळगून होतो हे त्याला कळून येते.

म्हणून ज्यांना ससा पाळावयाचा आहे, त्यांनी भरपूर वाळलेले गवत, लपावयास काळोखी पेटी आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात थंड जागा यांचा बंदोबस्त आधी करावा. उष्णतेने हा प्राणी पाहता पाहता दगावतो. जोडी आणण्यापूर्वी पशुवैद्यास दाखवावे. आणि बदलापूरच्या माळावर गवतात एकटे बसलेले रानसशाचे पिलू आढळले, तर दयेपोटीही ते उचलू नये: त्याची आई अंधार पडताच परत येणार असते, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये त्याला घरी नेणे हा गुन्हा आहे.