मिलिटरीतल्या माणसाला काय विचारावं, काय टाळावं? 'बावळट' वाटणाऱ्या प्रश्नांची सरळ उत्तरं

सातारा-सांगलीकडच्या गावात सुट्टीवर आलेला जवान एसटीतून उतरला, की पारावरून हमखास हाक येते, "काय मेजर, कधी आलात?" तो नाईक असो नाहीतर हवालदार, गावासाठी मेजरच. मग ठरलेले प्रश्न सुरू होतात. सध्या पोस्टिंग कुठं? कँटीनची एखादी मिळेल का? तिकडं गोळीबार असतो का?

आता हेच प्रश्न रील्सखालच्या कमेंटमध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही विचारले जातात. यातले काही प्रश्न विचारायला आपल्याला लाज वाटते, पण ते अगदी चांगले असतात. काही साधे वाटतात, पण ते विचारू नयेत. हा फरक कसा ओळखायचा?

सगळे 'मेजर' असतात का?

नाही. लष्करात ढोबळमानाने तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर शिपाई, लान्स नाईक, नाईक आणि हवालदार. त्यावर नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर, म्हणजेच जेसीओ. तिसरी पायरी अधिकाऱ्यांची: लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट कर्नल, कर्नल आणि त्यापुढचे. 'जवान' ही पदवी नाही, तो सर्वसाधारण शब्द आहे. पोलिसातला हवालदार आणि लष्करातला हवालदार यांचा एकमेकांशी संबंध नाही. पद माहीत नसेल तर "तुमची रँक काय?" असं सरळ विचारावं.

बीएसएफ आणि सीआरपीएफ म्हणजे आर्मीच ना?

नाही. भूदल, नौदल, हवाई दल आणि तटरक्षक दल संरक्षण मंत्रालयाकडे येतात. बीएसएफ, सीआरपीएफ, आयटीबीपी, सीआयएसएफ ही दलं गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत. बातमीत 'लष्कराचे जवान' लिहिलं आणि ते सीआरपीएफचे निघाले, तर त्या दलातल्या लोकांना ते खटकतं. त्यांच्या सेवाशर्ती आणि पेन्शनचे प्रश्नही वेगळे आहेत.

तिन्ही दलांचा सॅल्यूट वेगळा का दिसतो?

भूदलात तळवा समोरच्याला दिसतो. नौदलात तो जमिनीकडे असतो. डेकवर काम करून मळलेले हात वरिष्ठांना दिसू नयेत म्हणून ही पद्धत आली, असं सांगितलं जातं. हवाई दलाने २००६ मध्ये पद्धत बदलली, तेव्हापासून तिथे हात जमिनीशी ४५ अंशांच्या कोनात असतो.

कँटीनची बाटली मागावी का?

मागू नये. कँटीनमधला माल सैनिक, माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी असतो. मद्याचा महिन्याचा कोटा पदानुसार ठरलेला असतो आणि तो बाहेर देणं नियमात बसत नाही. आपल्यासाठी ती गंमत असते, पण नकार द्यायची अडचण समोरच्याची होते.

"पोस्टिंग कुठं?" यात काय वावगं आहे?

सगळ्यात निरागस वाटणारा हा प्रश्न सगळ्यात नाजूक आहे. जवानाला पाठवायच्या पत्राचा पत्ता आठवून पाहा. त्यावर नंबर, रँक, नाव, युनिट आणि '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' एवढंच असतं. गाव नाही, जिल्हा नाही, राज्यही नाही. ५६ एपीओची पत्रं दिल्लीला जातात, ९९ एपीओची कोलकात्याला. तिथून लष्कराची टपाल सेवा ती युनिटपर्यंत पोचवते. युनिट हललं तरी पत्ता तोच राहतो. म्हणजे जे ठिकाण पाकिटावरही लिहिलं जात नाही, ते आपण कमेंटमध्ये विचारत असतो.

एका उत्तरातून फारसं काही कळत नाही. पण ठिकाण, युनिट, सुट्टीची तारीख आणि मागे दिसणारा डोंगर एकत्र केला, तर बरंच कळतं. म्हणूनच जुलै २०२० मध्ये भारतीय लष्कराने आपल्या जवानांना फेसबुक आणि इन्स्टाग्रामसह ८९ अ‍ॅप्स फोनमधून काढायला सांगितली होती.

याची किंमत मुंबईने पाहिली आहे. २६/११ च्या वेळी कमांडोंची कारवाई टीव्हीवर थेट दिसत होती आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार ती बघून अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. कसाब खटल्याच्या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांच्या या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले.

वादातून माहिती फुटते ती कशी?

'वॉर थंडर' या युद्धावरच्या व्हिडिओ गेमचं उदाहरण बघा. २०२१ मध्ये गेममधला ब्रिटिश 'चॅलेंजर २' रणगाडा चुकीचा दाखवलाय, यावरून खेळाडूंचा वाद झाला. आपलंच खरं आहे हे दाखवायला एकाने त्या रणगाड्याच्या गोपनीय पुस्तिकेतली पानंच टाकली. त्याच वर्षी फ्रान्सच्या 'लक्लेर' रणगाड्याबाबत तेच घडलं. "तुला काय माहीत?" असं कुणी डिवचलं की माहितगार माणूस जास्त बोलून जातो. भारतात गोपनीय माहिती उघड केली तर १९२३ चा शासकीय गुपिते कायदा लागू होतो, आणि तो निवृत्तीनंतरही सुटत नाही.

"तुम्ही कुणाला मारलंय का?"

हा प्रश्न विचारूच नये. विचारणाऱ्यासाठी तो सिनेमातला सीन असतो. समोरच्यासाठी ती गेलेल्या सोबत्याची आठवण असू शकते. त्याला सांगायचं असेल तर तो स्वतःहून सांगेल. वीरपत्नी आणि वीरमातांशी बोलतानाही हेच लागू होतं.

मग सैन्याबद्दल टीका करायची नाही का?

जरूर करायची. अग्निपथ योजनेतली चार वर्षांची सेवा योग्य की अयोग्य, संरक्षणावरचा खर्च कमी की जास्त, यावर नागरिकांनी बोललंच पाहिजे. धोरण सरकार ठरवतं, त्यामुळे प्रश्नही सरकारला विचारावा. सेवेतल्या जवानाला "तुमचं मत काय?" म्हणून कोपऱ्यात गाठू नये. लष्करी कायदा आणि नियमांनुसार राजकीय मतं मांडण्यावर आणि माध्यमांशी बोलण्यावर त्याच्यावर बंधनं आहेत. तो गप्प राहिला म्हणजे सहमत आहे किंवा घाबरला आहे, असं समजू नये.

मग बोलायचं कशावर?

ट्रेनिंग कसं असतं, पहाटे किती वाजता उठवतात, लंगरमधलं जेवण कसं असतं, दुसऱ्या राज्यातल्या सोबत्यांची भाषा कशी शिकलात, सुट्टी संपताना काय वाटतं? असे प्रश्न विचारले की माणूस मोकळा होतो. "तिथं पत्र कसं पोचतं?" हा प्रश्न कुणाला बावळट वाटेलही, पण "पत्र नेमकं कुठं पोचतं?" यापेक्षा तो कितीतरी शहाणा आहे. आणि समोरचा "ते सांगता येणार नाही" म्हणाला, तर विषय तिथेच सोडून चहा मागवावा.